डुमसच्या समुद्राचा बर्फ

भाऊजी,

तुमच्या फोटोखाली ‘बर्फसम्राट’ असं छापलंय. मला कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं, तर म्हणाले असते की ज्या माणसाला कारखान्यात आयुष्यभर धड खुर्ची मिळाली नाही, त्याला मेल्यावर एकदम सिंहासन कशाला? बॅनर सुरतेच्या नवागामात आपल्या गल्लीच्या तोंडाशीच लावलाय. फोटो तुमच्या लेकीच्या, मनीषाच्या लग्नातला, फेटा बांधलेला, त्यामुळे श्रद्धांजलीतही तुम्ही वधूपिताच दिसता. खाली ‘शोकाकुल’ म्हणून चौदा नावं आहेत आणि मंडळाच्या अध्यक्षांचा फोटो तुमच्या फोटोहून मोठा आहे. दुरून पाहणाऱ्याला वाटावं, ते गेले आणि तुम्ही शोकाकुल आहात.

हे वाचून तुम्ही ते तुमचं खालच्या पट्टीतलं हसू काढलं असतं आणि म्हणाला असतात, “वहिनी, सम्राट शे तर मंग वितळी कसा गया?”

तुम्ही उलट बोलू शकत नाही, ही या पत्रातली सगळ्यात मोठी उणीव आहे. आपल्या नात्याचा सगळा कारभारच उलट बोलण्यावर चालला. मी जालन्याची, लग्न होऊन खानदेशी घरात आले, तेव्हा सासूबाई काय बोलतात यातलं निम्मं मला कळायचं नाही. ते निम्मं तुम्ही समजावून सांगायचात, आणि निम्म्याचं निम्मं चुकीचं सांगायचात. ‘शे’ म्हणजे ‘आहे’ हे बरोबर सांगितलंत, पण ‘आखो’ म्हणजे ‘पुरे’ असंही तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात शिकवलंत. सासूबाई वाढताना विचारायच्या, मी ‘आखो, आखो’ म्हणत राहायचे, आणि त्या भाकरीवर भाकरी टाकत राहायच्या. ‘आखो’ म्हणजे ‘आणखी’ हे कळेपर्यंत माझं वजन वाढलं होतं. वहिनीनं दिराची आणि दिरानं वहिनीची थट्टा करायची असते, हे तेव्हापासून मी मनावर घेतलं. एकदा जरा जास्तच घेतलं. आज बोलायचंय ते त्याबद्दलच.

भेस्तानच्या तुमच्या बर्फाच्या कारखान्यात मी पहिल्यांदा आले ते माझ्या वर्गातल्या आठवीच्या मुलांना घेऊन. पुस्तकात बर्फाचा धडा होता आणि सुरतेच्या उकाड्यात मुलांचा बर्फावर विश्वास बसत नव्हता. तुम्ही आम्हाला ती भलीमोठी टाकी दाखवलीत. टाकीत मिठाचं पाणी, मशीननं बर्फाहूनही गार केलेलं, तरी न गोठणारं. त्यात पत्र्याचे उंच डबे बुडवून उभे केलेले आणि डब्यांत गोडं पाणी. बाहेरचं खारं पाणी स्वतः गोठत नाही, आतल्या गोड्याला मात्र गोठवतं. एका मुलीनं विचारलं, “काका, मग खारं पाणी आत शिरलं तर?” तुम्ही तिच्याकडे असं पाहिलंत, जशी तीच कारखान्याची पुढची मालकीण.

“शिरतं ना,” तुम्ही म्हणालात. “डबा गंजतो, बारीक भोक पडतं. मग लादी खारी होते. गिऱ्हाईक शिव्या देतं.”

मग तुम्ही दोन लाद्यांवर लोखंडी आकडा वाजवून दाखवलात. एक काचेसारखी खणखणली, दुसरी ओल्या लाकडासारखी ठक्क वाजली. आणि खात्री करायला तुम्ही दुसरीचा कोपरा सरळ चाटलात. आमच्या प्रयोगशाळेतल्या भिंतीवर ‘कोणताही पदार्थ चाखून पाहू नये’ अशी पाटी होती. मुलांनी त्या दिवशी ठरवलं की विज्ञान शाळेत नाही, भेस्तानला आहे.

आमच्या लेकीच्या, प्राजूच्या साखरपुड्याला नेमकी अशीच खारी लादी तुमच्या हातून आली. घाईघाईत टेंपोत लादी चढवताना ना वाजवली, ना चाटली. लिंबू सरबताच्या पिंपात ती फोडून घातली आणि पहिला पेला व्याह्यांच्या हातात गेला. भला माणूस. दोन घोट घेऊन म्हणाले, “छान आहे. जरा ताकाच्या अंगानं गेलंय.”

पण त्याआधीच एक गोष्ट घडली होती. तुम्ही आणि भिकन, तुमच्या पाळीतला सोबती, लादी उतरवत असताना ती पायरीवरून निसटून खाली आदळली होती. फुटली नाही. एक कोपरा चेपला, बस. सरबताचा घोळ उघड झाल्यावर तुम्ही तोच मुद्दा धरून उभे राहिलात. “खारी शे, कबूल. पण ताकद बघा. गोडी असती तर चुरा झाला असता. खारा बर्फ मोडत नाही वहिनी, वाकतो.”

आणि मी व्याह्यांसमोर, प्राजूच्या होणाऱ्या सासूसमोर, साऱ्या मांडवासमोर म्हणाले, “भाऊजी, मिठानं बर्फ कमजोर होतो, हे आठवीच्या पुस्तकात आहे. तुमची शाळा सातवीलाच सुटली, त्याला पुस्तक तरी काय करणार?”

मांडव हसला. तुम्हीही हसलात. मग ‘पिंप धुऊन आणतो’ म्हणून तुम्ही गेलात आणि बराच वेळ पिंप धूत राहिलात.

तुमची शाळा का सुटली हे मला तेव्हा माहीत होतं. घरात एकाच पोराचं शिक्षण निभणार होतं. थोरल्याचं चालू ठेवा म्हणून तुम्ही सांगितलंत आणि टाकीवर कामाला लागलात. तो थोरला म्हणजे माझे यजमान. म्हणजे तुमच्या सातवीवर माझा संसार उभा होता, आणि मी त्याच सातवीचा विनोद केला. चांगला जमलेला विनोद होता, हे आणखी वाईट.

तुम्ही त्या वाक्याचा कधी उल्लेखही केला नाहीत. वाद मात्र सोडला नाहीत. दर रविवारी चहाला यायचात, बशीत चहा ओतायचात आणि सुरुवात करायचात, “तर खाऱ्या बर्फाचं काय ठरलं?” मनीषानं फोन घेऊन दिल्यापासून तर तुम्हाला उत्तर ध्रुवच सापडला. धुळ्याच्या पलीकडे न गेलेला माणूस मला बर्फाळ समुद्र दाखवू लागला. एकदा तुम्ही दारातूनच ओरडत आलात, “वहिनी, चष्मा लावा!” फोनवर काळा समुद्र होता, त्यावर नुकताच धरलेला पातळ बर्फ, आणि खालून लाट जाईल तसा तो सगळा बर्फ उचलला जात होता आणि खाली बसत होता. दोरीवर वाळत घातलेल्या धोतरासारखा. कुठे तडा नाही.

“हे कोण करतंय?” तुम्ही विचारलंत. “मी नाही करत. भिकन नाही करत.”

मी म्हणाले, “व्हिडिओत काहीही दाखवतात.”

तुम्ही गेल्यावर मी वाचायला बसले. आता ऐका, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. समुद्राचं पाणी गोठताना बर्फाचे स्फटिक मिठाला आत घेत नाहीत. मीठ बाहेर ढकललं जातं, पण सगळं बाहेर पडू शकत नाही. मग ते दाट खाऱ्या पाण्याच्या बारीक बारीक थेंबांत आणि नळ्यांत बर्फाच्या पोटात अडकून राहतं. जिथे थेंब तिथे बर्फ नाही, म्हणून असा बर्फ गोड्या बर्फापेक्षा कमजोर. तेवढ्याच वजनाला तो जाड लागतो. जरा ऊब लागली की थेंब मोठे होतात, आणि जाडी तीच दिसत असली तरी ताकद उतरते. इथवर मी जिंकत होते. पुढच्या पानावर तुम्ही होतात. गोडा बर्फ ठिसूळ, तो न सांगता फुटतो. कोवळा समुद्री बर्फ दबतो, लवतो, आधी झोळ धरतो. त्यावर चालणाऱ्याला पायाखाली कळतं की आता मागे फिरावं.

पुढच्या रविवारी मी तुम्हाला पहिलं पान सांगितलं. दुसरं सांगितलं नाही. विद्यार्थ्यानं निम्मं उत्तर लिहून पूर्ण मार्क मागितले तर मी त्याला वर्गात उभं करत असे.

तुम्ही मान हलवून ऐकलंत. “थेंब अडकतात. बरोबर शे. म्हणून ती लादी दुधासारखी पांढरी दिसते.” मग विचारलंत, “त्या थेंबांचं पुढे काय होतं?” हे सांगायला माझी हरकत नव्हती. म्हटलं, वर्षं जातात तसा बर्फ उन्हाळे-हिवाळे खातो, खारं पाणी नळ्यांतून खाली निथळून जातं, आणि जुना बर्फ निळसर, घट्ट आणि जवळजवळ गोडा होतो. वितळवून पिता येतो.

तुम्ही बशी खाली ठेवलीत. “म्हणजे म्हातारपणी खारटपणा जातो?”

“जातो.”

“मग आमच्या मायचं काय झालं?”

मी हसून चहा सांडला. सासूबाई आतून ओरडल्या, “काय व्हयनं?” आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, “काही नही माय, शाळा चालू शे.”

गेल्या महिन्यात तुम्ही जाहीर केलंत की वादाचा निकाल लावायचा. टाकीतलं मीठ चालणार नाही, खरा समुद्र पाहिजे. म्हणून तुम्ही स्कूटरवर डुमसला जाऊन एक कॅन भरून आणलात. डुमसचं पाणी कसं असतं ते सगळ्या सुरतेला माहीत आहे. तिथे पाय धुतले तर घरी येऊन पुन्हा धुवावे लागतात. तुम्ही ते जुन्या धोतरातून चारदा गाळलंत, तरी त्याचा रंग काही चहापेक्षा उजळला नाही. ते थंड करायला घरच्या फ्रीजमध्ये ठेवायला निघालात तेव्हा माझ्या जावेनं, सुनंदानं तुम्हाला दारातच अडवलं, “तुमना समुद्र मन्हा फ्रीजमा नही. मासासना वास येई.” सुनंदानं तुमची पुष्कळ खुळं खपवून घेतली, पण समुद्र हा तिला जास्तीचा वाटला.

मग तुम्ही फरसाणवाल्याकडून खमणाचे दोन ट्रे मागून आणलेत आणि कारखान्यात, लाद्या ठेवायच्या थंड खोलीत, एकात गोडं पाणी आणि एकात डुमस लावलंत. बोटभर जाडीच्या दोन लाद्या. “रविवारी या,” फोनवर म्हणालात. “दोन खुर्च्यांवर आडव्या टाकू आणि तुमच्यासमोर तोडू. हरलो तर तुमच्या हातचं सरबत पितो.”

मी ठरवलं होतं, त्या रविवारी दुसरं पानही सांगायचं, आणि त्यानंतर मांडवातलंही. खरंच ठरवलं होतं. गुरुवारी दुपारी जेवून तुम्ही हात धुतलेत, ‘जरा पडतो’ म्हणालात आणि पडलात ते पडलातच.

मनीषा नंदुरबारहून येईपर्यंत तुम्हाला ठेवायचं होतं. भिकननं चार लाद्या आणल्या. तुमचाच नियम होता, मयताला काच द्यायची, म्हणजे कारखान्यातली सगळ्यात नितळ लादी. भिकननं प्रत्येक लादी आकड्यानं वाजवली. खणखण, खणखण. मग चारही लाद्या एकेक करून चाटल्या. तो रडत होता, त्यामुळे त्याला प्रत्येक लादी खारटच लागली असणार. तरी “गोडी शे” असं म्हणून त्यानं एकेक लावली. मला त्या क्षणी हसू आलं, भाऊजी. पदर तोंडाला लावला, लोकांना वाटलं रडतेय. दोन्ही चाललं होतं.

आता निकालाचं सांगते. तुमच्या तेराव्याला, गंधमुक्तीच्या दिवशी, समाजाच्या वाडीत, म्हणजे आपल्या मंडळाच्या कार्यालयात, जेवणाआधी शोकसभा होती. आदल्या दिवशी मी सुनंदाला विचारलं, “ट्रे तसेच आहेत. आणू का वाडीत?” वाटलं होतं, ती चिडेल. ती म्हणाली, “आना. त्यासनी वाट दखी व्हती रविवारनी.”

भिकननं दोन्ही लाद्या मासळीच्या थर्मोकोलच्या पेटीत, बर्फ आणि मीठ घालून आणल्या आणि पेटी माझ्या खुर्चीखाली सरकवली. तेवढ्यात अध्यक्ष उठले. त्यांनी तुमच्या ‘बर्फासारख्या शीतल स्वभावा’पासून सुरुवात केली, ‘बर्फासारख्या कठोर परिश्रमां’वर आले, मग बर्फ सोडून समाजाच्या एकीकडे वळले, आणि तिथून वाडीच्या नव्या शेडकडे. पेटीखालून पाण्याचा ओघळ निघाला. भिकन मागून कुजबुजला, “मॅडम, खारी वितळी ऱ्हायनी.” मी आयुष्यभर भाषणं ऐकली, पण भाषणाची लांबी वितळणाऱ्या बर्फावर मोजण्याची ही पहिलीच वेळ. शेवटी सुनंदाच उठली आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, “आध्यक्षसाहेब, तुमनं व्हयनं का? बरफ वितळी चालना.” अध्यक्षांना वाटलं, हा दुःखाचा झटका. ते लगेच बसले.

मी माइक घेतला. भिकननं दोन लोखंडी खुर्च्या समोरासमोर लावल्या. मी पेटी उघडली. आणि भाऊजी, तेव्हा मला दिसलं की तुम्ही दोन्ही लाद्यांत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली एकेक चिठ्ठी गोठवून ठेवलीय. गोडी लादी नितळ होती, आतलं अक्षर काचेतून वाचावं तसं वाचता आलं. ‘बीएस्सी बीएड.’ दुसरी चहाच्या रंगाची, धुकट. डोळ्यांजवळ धरली तेव्हा कुठे कळलं. ‘सातवी.’

म्हणजे तुम्हाला आठवत होतं. इतकी वर्षं, प्रत्येक रविवारी, प्रत्येक बशीबरोबर.

मी भाषण लिहून आणलं होतं. ते पर्समध्येच राहिलं. मी सांगितलं की प्राजूच्या साखरपुड्यात, या वाडीतल्या निम्म्या लोकांसमोर, मी माझ्या दिराच्या सातवीवर हसले होते. ती सातवी कोणासाठी सुटली हे सांगितलं. तुमचे दादा पहिल्या रांगेत होते. त्यांनी चष्मा काढला. दोन पानांतलं एकच पान मी तुम्हाला वाचून दाखवलं होतं, हेही सांगितलं, आणि दुसरं पान तिथे उभं राहून बोलले. मग म्हणाले, “आता त्यांचा प्रयोग.”

वजन म्हणून जेवणाची स्टीलची ताटं घेतली. आधी गोडी. एक ताट, दोन ताटं. दहापर्यंत सगळे गंभीर होते. पंधरानंतर मागून पोरं मोजायला लागली. विसाच्या पुढे बायका उठून उभ्या राहिल्या आणि सुनंदा म्हणाली, “ठेवा, आखो ठेवा!” ‘आखो’ म्हणजे काय ते मला आता नीट माहीत आहे. अठ्ठावीस ताटांपर्यंत ती लादी केसभरही हलली नाही. एकोणतिसाव्याला धाडकन असा आवाज झाला की आचारी कढईमागून बाहेर आला. ताटं उधळली, आणि अध्यक्षांच्या इस्त्रीच्या झब्ब्यावर माझी अर्धी बीएस्सी जाऊन बसली.

मग तुमची. चार ताटांतच ती कुरकुरली. सहाव्याला पोटात झोळ आला. एक आजीबाई ओरडल्या, “वाकनी, वाकनी!” आठव्याला ती दोन बोटं खाली आली, तळातून खारं पाणी ठिबकायला लागलं, तरी तडा नाही. नववं ताट मी ठेवायच्या आधी भिकननं खाली हात धरला. त्याला वेळ मिळाला, बघा. दहाव्याला ती सावकाश, म्हातारा माणूस खाटेवर बसतो तशी दुमडली आणि ताटं एकावर एक त्याच्या हातात उतरली. एकही जमिनीला लागलं नाही.

वाडीत टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात, हे लोकांना नंतर आठवलं.

“मंग?” सुनंदानं विचारलं. “कोन जितनं?”

ताकद विचाराल तर मीच. एकोणतीस विरुद्ध दहा, आठवीच्या पुस्तकाप्रमाणे. पण तुम्ही ताकदीचं बोलत होतात का, हे मी इतक्या वर्षांत एकदाही नीट ऐकून घेतलं नव्हतं. मांडवात ‘ताकद’ हा शब्द वापरलात, तेव्हा तुम्हाला दुसरा मिळाला नव्हता, एवढंच. मी माइक तोंडाजवळ धरला आणि म्हणाले, “सातवी.”

सुनंदा हसली. तेरा दिवसांत पहिल्यांदा, आणि चांगली दणकून. मनीषा तिच्याकडे बघून हसली आणि मग कोण कशाला हसतंय याचा हिशोब राहिला नाही. जेवण उशिरा झालं, ताटं पुन्हा धुवावी लागली. भिकननं चहाच्या रंगाचा एक तुकडा उचलून कोपरा चाटला आणि मान हलवली. तुकडा पास झाला.

लिंबू सरबतही मी केलं होतं, हरणाऱ्यानं प्यायचं म्हणून. मीच प्यायले. मीठ माझ्या हातून जास्त पडलं होतं. व्याही आले होते. त्यांनी न विचारता एक पेला घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “अंदाज आला होता.”

बीएस्सीची चिठ्ठी त्या फुटाफुटीत कुठे गेली कळलं नाही, आणि कोणी शोधलीही नाही. तुमची माझ्याकडे आहे. माझ्या पदवीच्या फ्रेममध्ये, काचेच्या आत, सहीच्या वर बसवली आहे.

काल रविवार होता. चहाच्या वेळी दारात सुनंदा उभी. हातात तुमचा कॅन, काठोकाठ भरलेला. मनीषाच्या नवऱ्याला सकाळीच डुमसला पिटाळलं होतं म्हणे. मी विचारलं, हे कुठे ठेवायचं? तिनं पदरानं कॅन पुसला.

“मन्हा फ्रीजमा जागा करी ठेवेल शे,” ती म्हणाली. “वास येई तो येऊ दे.”